तेरा हजार कोटींतल्या एका साळसूदास

रॅमच्या पट्टीतल्या त्या एका सेलास,

नमस्कार लिहीत नाही. ज्यासाठी शिष्टाचार पाळावा, असं तू काहीही केलेलं नाहीस.

आधी वाचकांना तुझी ओळख करून देते, कारण तुझी सगळी ताकद अनोळखी राहण्यात आहे. 16 जीबीच्या एका पट्टीवर तुझ्यासारखे सुमारे 13,744 कोटी सेल असतात. सगळ्यांची घडण तीच, एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना या जोडीचं पेटंट 1968 मध्ये मिळालं आणि आज घराघरातला संगणक तिच्याच भरवशावर चालतो. काम म्हणशील तर एवढंसं. एक सांगितलं तर एक लक्षात ठेवायचं, शून्य सांगितलं तर शून्य. दुपारचं ऊन चढलं की तुला तेवढंही झेपत नव्हतं. झेपत नाही हे तू सांगितलंही नाहीस. विचारलं की बेधडक चुकीचं उत्तर द्यायचं आणि त्याचं खापर दुसऱ्याच्या माथी फुटताना गप्प बसायचं, ही तुझी रीत. तुझ्याइतका भेकड गुन्हेगार माझ्या पाहण्यात नाही.

किती निरपराधांना तू पिंजऱ्यात उभं केलंस ते आठव. निळा पडदा यायचा आणि त्यावर एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. कधी त्याखाली ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं नाव, कधी नेटवर्कच्या, कधी साउंडच्या. निळा पडदा नसेल तेव्हा क्रोमचा एखादा टॅब कोसळायचा, किंवा झिप फाइल उघडताना ‘सीआरसी एरर’ यायची. प्रत्येक नावामागे आम्ही धावलो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुळापासून काढून पुन्हा टाकला. बायॉस अपडेट केला. धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर 41 दिसतंय, म्हणजे एसएमपीएस गेला.” तो धडधाकट एसएमपीएस काढून आम्ही दुसरा बसवला. 41 हा आकडा सांगतो एवढंच, की मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं. ते का, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. पण नावात ‘पॉवर’ आहे म्हणून देशभर किती चांगले एसएमपीएस असे हकनाक बदलले जात असतील, याचा विचार केला की मला तुझा आणखी राग येतो.

आता तुझी युक्ती मला कळली आहे, आणि ती मी सगळ्यांना सांगणार आहे. विंडोज तुझ्या पत्त्यावर दर वेळी वेगळा माल ठेवते. आज तिथे ड्रायव्हरचा कोड असतो, उद्या ब्राउझरचं पान, परवा एखाद्या फोटोचा तुकडा. तू बिट उलटवलास की त्या घडीला तिथे जे असेल ते बिघडतं आणि पडद्यावर नाव त्याचं लागतं. म्हणून निळ्या पडद्यावर दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर त्या ड्रायव्हरची खुशाल चौकशी करावी. नाव रोज बदलत असेल तर आधी रॅम तपासावी. हे एवढं आम्हाला कोणी पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर पुढचं बरंच वाचलं असतं.

दुकानातून फोनवर मिळालेला सल्ला तर तुझ्या पथ्यावरच पडला. “फॉरमॅट मारून बघा, मॅडम.” संगणकाच्या कोणत्याही दुखण्यावर आपल्याकडे हे एकच औषध देतात. पण नवी विंडोज डिस्कवर जाते ती रॅममधूनच! तिची एकेक फाइल उलगडताना तू हाताशी होतासच. फॉरमॅट मारून झाला, सगळं नव्यानं टाकून झालं, आणि कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएफसी स्कॅननाऊ’ चालवलं तर कोऱ्या विंडोजमध्ये बिघडलेल्या फाइली निघाल्या. जन्मापासूनच दुखावलेली विंडोज तू आम्हाला दिलीस.

इथवरचं मी कदाचित विसरले असते. मशीन हँग होतं, माणूस चिडतो, पुन्हा चालू करतो. ज्यासाठी मी हे पत्र उघडपणे लिहिते आहे, ते पुढे आहे.

अकोल्यात माझ्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, बारशी, नोकरीच्या अर्जाला लावायचे पासपोर्ट. स्टुडिओ बंद झाला तरी निगेटिव्हचे डबे माडीवरच्या जुन्या डार्करूममध्ये राहिले. कित्येक पावसाळ्यांची ओल आणि बुरशी लागून फिल्म एकमेकींना चिकटायला लागल्या, तेव्हा त्या स्कॅन करायच्या असं आम्ही भावंडांनी ठरवलं. हा संगणक त्यासाठीच उभा केला. प्रोसेसर, मदरबोर्ड, 16 जीबीच्या दोन पट्ट्या, सगळं आम्ही निवडून आणलं आणि घरीच जोडलं. काही निगेटिव्ह इतक्या कुजलेल्या होत्या की एकदा उलगडून स्कॅनरवर ठेवल्या, आणि काढताना त्यांचा थर काचेलाच चिकटून राहिला. त्या चित्रांची जगात एकच प्रत उरली, आमच्या मशीनमधली. ती तुझ्या हातातून गेली.

जेपीईजी फाइलमध्ये चित्र चौकटी-चौकटींनी साठवलेलं असतं. जागा वाचवण्यासाठी प्रत्येक चौकटीची सरासरी उजळता पूर्ण लिहीत नाहीत, आधीच्या चौकटीपेक्षा किती कमी-जास्त एवढंच लिहितात. शिवाय सगळे आकडे लहान-मोठ्या लांबीच्या संकेतांत एकापुढे एक ठासलेले. मधला एक बिट उलटला की वाचणाऱ्याचा तोल जातो आणि तिथून खालचं सगळं चुकतं. म्हणून तुझ्या हातून गेलेल्या फोटोंत वरचा भाग स्वच्छ आहे. मांडव आहे, आंब्याचं तोरण आहे, नवरीच्या मुंडावळ्या आहेत, आणि तिच्या भुवयांपासून खाली हिरवे-जांभळे पट्टे. कोणाची तरी आई आहे ती. तिची नात मागच्या वर्षी हा फोटो मागायला आली होती. तिला काय दाखवू? भुवयांपर्यंतची आजी?

निळा पडदा निदान प्रामाणिक असतो. काहीतरी बिघडलं आहे, थांबा, असं सांगतो तरी. तुझं खरं पाप म्हणजे ज्या वेळी मशीन कोसळलं नाही, त्या वेळी केलेलं. फाइल सेव्ह झाली, कुठेही लाल खूण नाही, कोणतीही सूचना नाही, आणि आतला फोटो मेलेला. आम्ही बॅकअप घेत होतो, अगदी नेमानं. पण एक्स्टर्नल डिस्कवर जाणारी प्रतही रॅममधूनच जाते, आणि फाइल आधीच बिघडलेली असेल तर बॅकअपमध्येही तीच बिघडलेली फाइल इमानेइतबारे जपली जाते. ‘बॅकअप घ्या’ असं सांगणाऱ्या कोणीही मला हे कधी सांगितलं नव्हतं.

तू पकडला गेलास तो चेकसममुळे, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेल्या खुणेमुळे. एका मोठ्या फाइलचा एसएचए-256 चेकसम भावानं काढला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, त्याच फाइलचा पुन्हा काढला. दोन उत्तरं वेगळी. फाइलला कोणी हात लावला नव्हता. डिस्क काढून शेजारच्यांच्या मशीनला लावली तर तिथे दर वेळी एकच उत्तर. म्हणजे डिस्क निर्दोष, फाइल निर्दोष. उरलं काय? वाचताना ती जिथे ठेवली गेली ती जागा.

तरीही तू सुटलास! मेमटेस्ट चालवायची म्हणजे काही तासांचं काम, म्हणून आम्ही ती रात्री लावून झोपलो. सकाळी सगळं हिरवं, एकही चूक नाही. अशा वेळी बहुतेक लोक रॅमला निर्दोष ठरवतात आणि मदरबोर्ड बदलायला निघतात. आम्हीही निघालो असतो. भावाच्या लक्षात आलं की मशीन कोसळतं ते बहुतेक दुपारी. सकाळी क्वचित, रात्री कधीच नाही.

तुझ्या जातीचा सेल म्हणजे गळका माठ. कपॅसिटरमध्ये भरलेला विद्युतभार सतत झिरपत असतो, म्हणून मेमरी कंट्रोलर दर 64 मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरतो. सेकंदाला पंधरा वेळा! ‘डायनॅमिक’ रॅम म्हणतात ते यासाठीच. धडधाकट सेलचा भार त्या वेळेत निम्माही उतरत नाही. तू जन्मतःच कमकुवत होतास, कारखान्यातल्या चाचणीतून कसाबसा निसटलास, आणि तापमान वाढलं की गळती वाढते हा नियम तुझ्या मुळावर आला. साधारणपणे 10 अंश चढले की भार टिकण्याचा काळ निम्म्यावर येतो. म्हणून तर 85 अंशांच्या वर रॅमला दुप्पट वेळा भरावं, असं मानकातच लिहिलेलं आहे. आमच्या माडीवर टिनाचं छत. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45च्या आसपास, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून पुष्कळ जास्त. रात्री खिडकीला कूलर लागलेला. थंड रात्री तुझा भार कसाबसा टिकायचा आणि तू शहाण्यासारखा वागायचास.

मग आम्ही भर दुपारी कूलर बंद ठेवून मेमटेस्ट लावली. त्या प्रोग्रामबद्दल मला मनापासून आदर आहे. मूळ मेमटेस्ट86 ख्रिस ब्रेडी यांनी 1994 मध्ये लिहिला, आणि त्याचं मेमटेस्ट86+ हे मुक्त रूप आजही फुकट मिळतं. पेनड्राइव्हवर टाकायचं, त्यावरून मशीन बूट करायचं, बस. विंडोज लागत नाही, म्हणून विंडोजच्या खाली लपताही येत नाही. तो प्रत्येक सेलमध्ये एक नमुना लिहितो, परत वाचतो, उलटा लिहितो, पुन्हा वाचतो. शेजारच्या सेलमध्ये विशिष्ट आकडे असतानाच चुकणारे सेल असतात, त्यांच्यासाठी वेगळे नमुने आहेत. आणि लिहून ठेवून, मध्ये काही मिनिटं थांबून मग वाचणारी एक चाचणी आहे. ती खास तुझ्यासारख्या गळक्यांसाठी. तुझं नाव तिथे लाल ओळीत आलं. जे लिहिलं होतं आणि जे वाचलं गेलं त्यांत फरक एका बिटाचा. पुन्हा तोच पत्ता, पुन्हा तोच बिट.

तरी आम्ही घाई केली नाही. संशयावरून कोणालाही शिक्षा देण्यातलं नुकसान आम्ही एसएमपीएसच्या वेळी पाहिलं होतं. एक पट्टी काढली, उरलेली एकटी तपासली, ती स्वच्छ. तुझी पट्टी त्याच खाचेत एकटी बसवली तर पत्ता बदलला, चूक मात्र त्याच बिटात. दुसऱ्या खाचेत बसवली तर चुकाही तुझ्यामागे आल्या. म्हणजे खाच आणि मदरबोर्ड सुटले. मग एक्सएमपी, म्हणजे जाहिरातीतल्या वेगाची सेटिंग, बंद केली, वेग 3200 वरून 2133 वर आणला, व्होल्टेज 1.35 वरून 1.2. पुष्कळदा दोष पट्टीचा नसतो. जाहिरातीतला वेग त्या मदरबोर्डाला आणि प्रोसेसरमधल्या कंट्रोलरला झेपत नसतो, आणि वेग उतरवला की मशीन शांत होतं. चार पट्ट्या लावलेल्यांनी तर हे आधी करून पाहावं. तू 2133 लाही चुकलास. मग तुझ्या बाजूनं बोलण्यासारखं काही उरलं नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या कोटींत एखादा नासका निघायचाच. अंतराळातून कण येतात, बिट उलटतात, नशीब म्हणायचं. हे मी ऐकून घेणार नाही. असे क्षणिक अपघात होतात हे खरं. 1978 मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवलं की चिपच्या वेष्टनातच युरेनियम-थोरियमचे अंश होते, आणि त्यातून निघणारे अल्फा कण बिट उलटवत होते. पण 2009 मध्ये गूगलच्या डेटा सेंटरमधल्या मशीनचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं की वर्षभरात 8 टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये निदान एक चूक होते, आणि बहुतेक चुका आकाशातून आलेल्या नसतात. त्या बिघडलेल्या सेलच्या असतात, पुन्हा पुन्हा त्याच जागी. म्हणजे तुझी भावंडं सगळीकडे आहेत.

मग गूगलला या चुका दिसल्या आणि मला का दिसल्या नाहीत? कारण त्यांच्या पट्ट्यांवर साक्षीदार बसवलेला असतो. या पत्राचा अर्धा राग तुझ्यावर आहे, उरलेला अर्धा ज्यांनी माझ्या घरातला साक्षीदार काढून घेतला त्यांच्यावर.

हा साक्षीदार आला कुठून ते सांगते. बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग 1947 च्या सुमारास शनिवार-रविवारी संगणकावर काम लावून घरी जात. यंत्राला चूक आढळली की ते त्यांचं काम टाकून पुढचं घेई, आणि सोमवारी हाती काही नसे. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या संतापातून त्यांनी चूक शोधून दुरुस्त करणारा संकेत तयार केला. तो 1950 मध्ये छापला गेला. त्याच कल्पनेवर आजची ईसीसी रॅम चालते. आमच्या पट्टीच्या पिढीत 64 बिटांच्या जोडीला 8 बिट पडताळणीचे. एक बिट उलटला तर दुरुस्त होतो आणि नोंद होते, दोन उलटले तर निदान बोंब तरी होते. पट्टीवर आठ चिप असतील तिथे नऊ लागतात, एवढाच काय तो खर्च. 1981 च्या आयबीएम पीसीमध्येसुद्धा प्रत्येक आठ बिटांमागे नववा, पॅरिटीचा बिट होता. मेमरी खोटं बोलली की ते मशीन तिथल्या तिथे थांबायचं. 1990 च्या दशकात पैसे वाचवण्यासाठी घरगुती मशीनमधून तो नववा बिट काढून टाकला. मेमरी हजारो पटींनी वाढली, सेल बारीक होत गेले, पहारा मात्र परत आला नाही. सर्व्हर विकत घेणाऱ्यांना तो मिळतो. घरातल्या माणसाच्या आठवणींना पहाऱ्याची गरज नाही, हे कोणी ठरवलं? लिनस टोरव्हाल्ड्स यांनी जानेवारी 2021 मध्ये यावरून इंटेलला उघडपणे सुनावलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2022 मध्ये, लिनक्सच्या नव्या आवृत्तीच्या ऐन धामधुमीत त्यांच्या स्वतःच्या मशीनमधली पट्टी बिघडली. जुना कर्नल लावून पाहिला, रात्रभर मेमटेस्ट चालवली, तेव्हा कुठे ती सापडली. ज्यांनी लिनक्स लिहिलं त्यांची ही गत, तर टिनाखाली बसून निगेटिव्ह स्कॅन करणाऱ्यांनी काय करायचं?

डीडीआर5 या नव्या पिढीच्या रॅममध्ये चिपच्या आत ईसीसी आली म्हणून दुकानदार सांगतात. ती चिपच्या आतल्या चुका आवरते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर पहारा नसतो, आणि दुरुस्ती झाल्याची वर्दीही सहसा मालकापर्यंत येत नाही.

आणि हे फक्त फोटोंपुरतं नाही. 2003 मध्ये बेल्जियममध्ये ब्रसेल्समधल्या स्कारबेक इथे मतदान यंत्रानं एका उमेदवाराला 4096 मतं जास्त दिली. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही, तेव्हा मेमरीतला एक बिट उलटला असावा, एवढंच स्पष्टीकरण उरलं. 4096 म्हणजे दोनाचा बारावा घात, एका बिटाची नेमकी किंमत. मतं शक्य तेवढ्यांपेक्षा जास्त झाली म्हणून चूक पकडली गेली. खालचा बिट उलटून चारच मतं वाढली असती तर कोणाला पत्ता लागला असता?

तुझं पुढे काय झालं ते कळवते. रॅमवर लांबलचक वॉरंटी असते, तिचा आधार घेऊन तुझी पट्टी कंपनीकडे परत पाठवली. दोष असलेल्या जागा मेमटेस्टच्या पडद्याच्या फोटोसह कळवल्या, म्हणजे ‘आमच्याकडे चालते’ असं सांगून ती परत यायला नको. विकून टाकायला सांगणारे भेटले. तू सेकंडहँड बाजारातून दुसऱ्या कोणाच्या घरात शिरावंस, हे मला मंजूर नव्हतं. बदलून आलेली पट्टी आम्ही दुपारीच तपासली, कूलर बंद करून, आणि आता प्रत्येक स्कॅनचा चेकसम काढून वेगळा ठेवतो. या मशीनला ईसीसी चालत नाही. पुढचं मशीन जुळवताना मदरबोर्डापासून ती चालणारं घेणार, आणि दुकानात तशी पट्टी नसेल तर मागवायला लावणार.

ज्या निगेटिव्ह अजून शाबूत आहेत त्यांचं स्कॅनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आहे. उरलेल्यांसाठी त्या त्या घरी जाऊन अल्बममधल्या छापील प्रती मागून आणते आहे. मुंडावळ्या बांधलेल्या त्या बाईंचा फोटो मूर्तिजापूरला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे आहे असं कळलं आहे. या रविवारी जाणार आहे.

— तुझा पत्ता शोधून काढणारी,
अकोला